एकाचे घोरणे, दुसऱ्याचा घोर

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. पोटात आग पडली म्हणजे कोंडाही गोड लागतो, आणि अंग शिणले म्हणजे उशाला धोंडा असला तरी झोप लागते. म्हण खरी आहे. परंतु ती ज्याने रचली त्याच्या शेजारी रात्री कोणी घोरत नसावे. कारण धोंडा निमूट पडून राहतो. उशाशी रात्रभर करवत चालली असेल, तर शिणलेल्या माणसालाही डोळ्याला डोळा लागत नाही. हा अनुभव तुमच्यापैकी कित्येकांना असेल. आणि ज्यांना नसेल, त्यांनी आपल्या घरच्या माणसांना एकदा विचारून पाहावे. कदाचित घोरणारे ते स्वतःच असतील!

बारामतीहून फलटणला निघालात, की नीरा नदी ओलांडण्याअगोदर सांगवी लागते. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या नीरा डाव्या कालव्याने हा सारा भाग हिरवा केला, आणि पुढे माळेगावच्या सहकारी साखर कारखान्याने त्याला उसाचे वेड लावले. अशा गावात रात्र म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगून समजायचे नाही. कोणी दारे धरायला मळ्यात गेलेला असतो, कोणी उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, कोणी पहाटे धारा काढायच्या म्हणून लवकर आडवा झालेला असतो. अशा ठिकाणी झोपेचा एकेक तास मोलाचा. आणि नेमका तो तास शेजारच्या घोरण्यात वाया गेला, तर सकाळी चूल पेटवणाऱ्या बाईच्या जिवाचे काय होत असेल?

आपल्या मराठीत घोरणे हे क्रियापद आहे, आणि घोर हे नामही आहे. एखाद्याच्या जिवाला घोर लागला म्हणजे त्याला काळजी लागली. या दोन शब्दांचे नाते व्याकरणात काय असेल ते पंडितांनी पाहावे. संसारात मात्र ते फार जवळचे आहे. एक घोरतो आणि दुसऱ्याच्या जिवाला घोर लागतो. हा घोर पूर्वीच्या लोकांनी कसा निभावला, पुढे तो का वाढला, आणि त्यातून वैद्यकाने शेवटी काय शोधून काढले, याचाच थोडासा इतिहास आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

या इतिहासाची एक गंमत प्रथमच लक्षात घ्यावी. तो घोरणाऱ्याने कधीच लिहिलेला नाही. घोरणाऱ्याला आपले घोरणे ऐकू येत नाही. त्याला विचाराल तर तो शपथेवर सांगेल, की “मी आणि घोरतो? छे! मला तर रात्रभर झोपच नव्हती.” तेव्हा या बाबतीत जो काही पुरावा आहे, तो सारा जाग्या राहिलेल्या माणसाचा आहे.

समर्थ रामदासांचेच पाहा. दासबोधाच्या अठराव्या दशकात निद्रानिरूपण नावाचा एक समास आहे. झोप अंगावर कशी येते, आणि एकदा आली म्हणजे माणसांची काय काय रूपे होतात, हे समर्थांनी तेथे मोठ्या मिस्किलपणे सांगितले आहे. आता हे सारे त्यांना कसे कळले? उघड आहे, आजूबाजूची मंडळी झोपली होती आणि ते जागे होते. देशभर पायी हिंडणारा, मठांतून नि देवळांतून माणसांच्या गर्दीत रात्र काढणारा हा पुरुष. त्याने किती जणांची झोप न्याहाळली असेल, ते त्यालाच ठाऊक!

त्याच्याही कितीतरी आधीचा दाखला शूद्रकाच्या मृच्छकटिकात सापडतो. देवलांनी हे नाटक मराठीत आणल्यापासून आपल्या रसिकांना ते घरचेच झाले आहे. शर्विलक नावाचा चोर भिंतीला भोक पाडून चारुदत्ताच्या घरात शिरतो. समोर दोघे झोपलेले. ते खरेच झोपलेत की सोंग घेऊन पडलेत, हे तो कसे ताडतो? तो त्यांचा श्वास ऐकतो. श्वास सम चालला आहे, डोळे घट्ट मिटलेले आहेत, अंग सैल पडले आहे, तोंडापुढे दिवा धरला तरी हालचाल नाही. म्हणजे झोप खरी. चोराला जे शास्त्र अवगत होते, ते आपल्याला आपल्या माणसाच्या बाबतीत अवगत नसावे, हे काही बरे नाही. हा श्वास ऐकण्याचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो ध्यानात ठेवा.

आणि कुंभकर्ण? त्याच्यावाचून हा विषय पुरा व्हायचा नाही. वाल्मीकींनी युद्धकांडात त्याला उठवण्याचा प्रसंग असा रंगवला आहे, की लहान मुलांनी पुन्हा पुन्हा ऐकावा. त्याला जागे करायला गेलेले राक्षस त्याच्या श्वासाच्या झोतानेच मागे लोटले जातात. मग ढोल वाजतात, शंख फुंकले जातात, अंगावरून हत्ती चालवतात, तेव्हा कोठे स्वारी डोळे उघडते. प्रचंड देह, अचाट आहार, न सरणारी झोप आणि वादळासारखा श्वास! आपण या वर्णनाला पिढ्यानपिढ्या हसत आलो. हे वर्णन एखाद्या दुखण्याचे तर नसेल, असा विचार मात्र आपल्या मनाला शिवला नाही. घोरण्याच्या इतिहासात हे हसणेच फार काळ आड आले.

आता घराकडे वळू. आपल्या आजी-पणजींनी घोरणाऱ्या नवऱ्याला कसे सोसले? खरे उत्तर असे, की बहुधा त्यांना ते सोसावेच लागत नव्हते. जुन्या घराची मांडणी आठवा. पुढे ओसरी किंवा सोपा, मध्ये माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर, मागे परडे, बाजूला गोठा. रात्र झाली म्हणजे पुरुषमंडळी सोप्यावर नाहीतर अंगणात. बायका आणि लेकरे माजघरात. तरणीताठी पोरे गोठ्यात गुरांपाशी किंवा देवळात. उभे पीक असले म्हणजे घरचा एखादा माणूस मळ्यातल्या खोपीत. नवरा-बायकोने एका खोलीत, एका पलंगावर, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस झोपावे, ही कल्पनाच त्या घरात बसत नव्हती. घरात जो जास्त घोरे, त्याची बाज आपोआप अंगणाच्या टोकाला जाई. त्यात कोणाचा अपमान नसे आणि संसाराला काही उणेही येत नसे. आजोबा अंगणात घोरत, कुत्रे त्यांच्या पायाशी निजे, आणि गंमत म्हणजे त्या आवाजाने घराला एक प्रकारचा दिलासाच वाटे. कर्ता माणूस दाराशी आहे, एवढे त्यातून कळे.

परंतु त्या काळाचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. सोप्यावरचे घोरणे माजघरात कमी पोचे, तरी माजघरातल्या बाईला झोप ती किती मिळे? सगळ्यांची जेवणे आवरून ती सर्वांच्या शेवटी अंथरुणाला पाठ लावी, आणि पहाटेचा कोंबडा आरवण्याआधी जात्याला बसे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आपण त्या ओव्यांचे काव्य वाखाणतो, ते योग्यच आहे. पण ते काव्य ज्या वेळेला जन्मले ती वेळ झोपेची होती, हेही विसरू नये. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बाईची ती पहाट थोडी मोकळी झाली. तोच घराचा नकाशा बदलला, आणि एका हाताने मिळालेली झोप दुसऱ्या हाताने गेली.

हा बदल प्रथम मुंबईत झाला. घाटावरून आणि कोकणातून हजारो माणसे गिरण्यांत कामाला गेली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या कष्टकऱ्यांसाठी सरकारने १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते काढले, आणि त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी उठवल्या, त्याच बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची. तीत कोणी आठ-दहा गाववाले मिळून राहत, कोणी सारे कुटुंब घेऊन राहत. ओसरी नाही, परडे नाही, मळ्यातली खोप नाही. मग घोरणाऱ्याने जायचे कोठे? तो गॅलरीत गेला, गच्चीवर गेला, उन्हाळ्यात फुटपाथवर गेला. गिरणी तीन पाळ्यांत चाले, म्हणून एकाच जागेवर एक उठे नि दुसरा आडवा होई. पाऊस आला म्हणजे मात्र सगळे आत, आणि मग एका घोरणाऱ्यापायी साऱ्या खोलीची रात्र जाई. त्या खोलीतली गृहिणी भिंतीकडे तोंड करून पडून राही. तक्रार तरी कोणाकडे करणार?

खेड्यात हा बदल सावकाश आला, पण आला. उसाचे पैसे आले, दगडामातीचे जुने घर पाडून सिमेंटचे बांधले गेले. हॉल, किचन, बेडरूम हे शब्द आता सांगवीतही कोणाला नवे नाहीत. नव्या घराला ओसरी राहिली नाही. राहिलीच तर तेथे मोटारसायकल उभी असते. खोलीचे दार लावलेले, वर स्लॅब, खाली फरशी, चार भिंती गुळगुळीत. मातीची भिंत आणि शेणाची जमीन आवाज गिळत असे. ही भिंत तो परत फेकते. म्हणजे माणूस पूर्वीइतकाच घोरत असला, तरी ऐकणाराला तो दुप्पट वाटावा, अशी सोय आपण आपल्या हाताने करून घेतली. शिवाय आता ऐकायला सारे घर नाही. एकटी बायको आहे. पूर्वी जे दहा जणांत वाटले जाई, ते एकीच्या वाट्याला आले.

पण नुसत्या आवाजाने झोप मोडते असेही नाही. आषाढी वारीला गेलेल्यांना विचारा. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, इंदापूर या वाटेने जाते आणि माउलींची लोणंद-फलटणकडून. म्हणजे सांगवीच्या दोन्ही अंगांना वारी. दिंडीच्या एका राहुटीत माणसे हारीने निजतात, आणि त्यांतली निम्मी तरी घोरतात. कोणी कुरकुरत नाही. दिवसभराची चाल झालेली असते, मन निवांत असते, आणि मुख्य म्हणजे त्या घोरण्यावर कोणाचा राग नसतो. घरी मात्र घोरण्याच्या जोडीला राग येतो. “मी एवढी राबते, आणि हे खुशाल पसरलेत” हा विचार एकदा मनात आला, की झोप गेलीच म्हणून समजा. पुढे पुढे तर गजर होण्याअगोदर जाग यावी, तशी घोरण्याच्या नुसत्या भीतीनेच झोप येईनाशी होते. म्हणून पहिली युक्ती मनाची आहे: माणूस घोरतो तो मुद्दाम नव्हे, हे समजून घ्यावे. आणि समजून घ्यायचे तर घशात काय घडते ते पाहिले पाहिजे.

आपण जागे असताना घशाभोवतालचे स्नायू श्वासाची वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. उताणे निजले म्हणजे जिभेचे मूळ मागे घसरते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबते, आणि वाट अरुंद होते. अरुंद वाटेने वारा जोराने जातो, आणि पिपाणीची पाती थरथरावी तसे ते मऊ भाग थरथरतात. तेच घोरणे. मान आणि पोट सुटलेले असेल, नाक चोंदलेले असेल, तंबाखूच्या धुराने घसा सुजला असेल, रात्री दारू घेतली असेल, वय वाढले असेल, तर वाट आणखी बारीक होते. येथवर ठीक, हा नुसता आवाजाचा प्रश्न झाला. पण ओल्या कागदाची सुरळी ओठांत धरून जोराने श्वास ओढून पाहा. ती आतल्या आत मिटून जाते. काही माणसांचा घसा झोपेत अगदी तसाच मिटतो. छाती हलत असते, पण वारा आत जात नाही. घोरणे एकाएकी थांबते. मग रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होऊन मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास घेतो, आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. दहा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ श्वास थांबला, तर डॉक्टर त्याची नोंद घेतात. आणि काही जणांच्या बाबतीत असे एका रात्रीत शेकडो वेळा घडते.

ही गोष्ट जुन्यांच्या अगदीच नजरेतून सुटली होती असे नाही. सुश्रुतसंहितेत अतिस्थूल माणसाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत धाप, तहान, भूक, घाम आणि अतिझोप यांच्या पंक्तीला क्रथन असा एक शब्द येतो. झोपेत श्वास एकाएकी अडणे, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे आमच्या वैद्याने खूण करून ठेवली होती. आपणच ती पुढे वाचली नाही. चरकाने आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार म्हटले. त्यांतल्या दुसऱ्या आधाराला अशी आतून वाळवी लागू शकते, हे या एका शब्दात दडले होते.

तिकडे इंग्लंडात चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ साली पिकविक पेपर्स ही कादंबरी लिहिली. तीत जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, दार ठोठावता ठोठावता झोपतो आणि घोरतो. वाचक शंभर वर्षे त्याला हसले. मग १९५६ साली अमेरिकेत बर्वेल नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रोग्याची हकिकत छापली. हा गृहस्थ फार लठ्ठ होता. एकदा पत्ते खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. पण डाव जिंकण्याऐवजी त्याला चक्क झोप लागली! असले पान हातात असताना जो झोपतो, तो आळशी नव्हे, आजारी आहे, हे त्याचे त्यालाच पटले आणि तो दवाखान्यात आला. डॉक्टरांनी या दुखण्याला डिकन्सच्या कादंबरीवरून पिकविकचे नाव दिले. तो शोध आपल्याकडे लागता, तर त्याला कुंभकर्णाचेच नाव मिळाले असते!

तरीही खरी गोम पुढेच होती. दिवसा झोप का येते, याचे उत्तर दिवसा पाहून मिळणारे नव्हते. त्यासाठी कोणीतरी रात्री जागायला हवे होते. १९६५ साली फ्रान्समध्ये आणि जर्मनीत संशोधकांनी रोगी झोपलेला असताना त्याच्या श्वासाच्या रेघा रात्रभर कागदावर उमटवल्या, तेव्हा श्वास वारंवार थांबतो हे उघड दिसले. १९७६ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे गिलमिनो यांनी या विकाराला स्लीप ॲपनिया हे नाव रूढ केले. झोपेतला श्वासरोध, असे आपण म्हणू. १९८० साली इटलीच्या लुगारेसी यांनी सान मारिनो या चिमुकल्या देशातील ५,७१३ माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत घोरणाऱ्यांमध्ये रक्तदाब जास्त आढळला. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीचा धागा असा थेट काळजाशी जाऊन पोचला.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. झोपेतल्या श्वासाचा बिघाड १९.५ टक्के पुरुषांत, आणि त्याच्या जोडीला दिवसाची पेंग असलेले पुरे दुखणे ७.५ टक्क्यांत, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे शंभर पुरुषांमागे सात-आठ. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. डॉक्टरांनी त्यांच्या मृत्यूचे जे कारण सांगितले, त्यात हाच झोपेतला श्वासरोध होता. त्या दिवशी अनेक घरांत हा शब्द पहिल्यांदा ऐकला गेला असेल.

हे दुखणे शहरी लोकांचे, आपल्याला काय त्याचे, असे मात्र म्हणू नका. आपल्या भागात त्याचा एक निराळाच धोका आहे. पूर्वी ऊस बैलगाडीने कारखान्यावर जाई. गाडीवानाला डुलकी लागली, तरी बिघडत नसे. बैलांना घरची वाट माहीत असे. किती तरी गाडीवान झोपेतच अंगणात येऊन पोचले आहेत! ट्रॅक्टरला घरची वाट माहीत नसते. मागे दोन ट्रेलर भरून ऊस, समोर फलटणचा रस्ता, आणि चाकामागे बसलेला माणूस आदल्या रात्री आठ तास घोरूनही एक मिनिट नीट झोपलेला नाही. त्याला आपण गाढ झोपाळू समजतो. खरे म्हणजे तो झोपेचा उपाशी असतो. त्याची ही उपासमार जगात एकाच माणसाला ठाऊक असते: त्याच्या शेजारी जागी असलेल्या त्याच्या बायकोला.

तेव्हा करायचे काय? जो नुसता घोरतो, त्याच्यासाठी साधे उपाय आहेत. त्याला उताणे निजू देऊ नये, कुशीवर वळवावे. पुन्हा पुन्हा वळवण्याचा कंटाळा येत असेल, तर बंडीच्या पाठीला खिसा शिवून त्यात एक चेंडू घालावा. उताणा होताच तो टोचतो आणि माणूस आपोआप कुशीवर होतो. रात्रीची दारू आणि विडी-सिगारेट बंद. रात्रीचे जड जेवण लवकर उरकावे. वजन उतरवावे, ते थोडे उतरले तरी गुण दिसतो. नाक चोंदत असेल, तर त्यावर औषध घ्यावे. जागे राहणाऱ्याने शक्य तर आधी झोपावे, आणि कानात मऊ बोळे घालावेत. आणि एवढे करूनही भागले नाही, तर खुशाल दुसऱ्या खोलीत अंथरूण घालावे. लोक काय म्हणतील, ही भीती नको. आपल्या पणज्या असेच राहत होत्या, आणि त्यांचे संसार मोडले नाहीत.

पण दुसरीकडे निजण्याआधी एक काम करावे. दोन-तीन रात्री शांतपणे त्याचा श्वास ऐकावा. शर्विलकाने ऐकला तसा. घोरणे सम चालले आहे, की मध्येच तुटते? तुटल्यावर किती वेळ शांतता असते? ती शांतता गुदमरल्यासारख्या आवाजाने संपते का? सकाळी डोके दुखते का, दिवसा बसल्या जागी पेंग येते का, रक्तदाब आहे का? आता मोबाइल घरोघर आहे. तो उशाशी ठेवून आवाज टिपून घ्यावा. ‘मी घोरतच नाही’ म्हणणाऱ्याला ऐकवायलाही तो उपयोगी, आणि डॉक्टरांना दाखवायलाही. कान-नाक-घशाच्या किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जावे. ते रात्रभराची झोपेची तपासणी करायला सांगतात.

या दुखण्यावर उपाय आहे, ही समाधानाची गोष्ट. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली एक यंत्र जगापुढे मांडले. नाकावर मुखवटा बसवून त्यातून हवेचा हलका दाब रात्रभर घशात सोडायचा, म्हणजे ती ओल्या सुरळीसारखी वाट मिटत नाही. कल्पना किती सोपी! पहिल्या रात्रीच घोरणे थांबते, आणि कित्येक वर्षांत प्रथमच शांत झालेल्या त्या खोलीत बायकोच दचकून उठते, की हे आहेत ना ठीक! काहींना नाकातील अथवा टाळूची शस्त्रक्रिया लागते, काहींना जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी चालते. २०२५ साली जयपूरच्या एका छोट्या अभ्यासाची बातमी आली. तीस रोग्यांपैकी काहींनी सहा महिने नेमाने शंख फुंकला, आणि बाकीच्यांनी नुसते दीर्घ श्वसन केले. शंखवाल्यांची दिवसाची पेंग कमी झाली, रात्रीचे श्वास अडणेही थोडे उतरले. माणसे थोडी होती, तेव्हा यंत्र टाकून शंख घ्यावा असे कोणी समजू नये. पण योगायोग पाहा: कुंभकर्णाला उठवायला दुसऱ्यांनी शंख फुंकले, येथे घोरणाऱ्यानेच तो हाती घेतला!

आणखी दोन शब्द. बायकाही घोरतात, विशेषतः चाळिशी-पन्नाशीनंतर. पण त्यांचे घोरणे आपण घराबाहेर बोलत नाही. त्यांनाही त्याची लाज वाटते. ही लाज जिवावर बेतू शकते. आणि लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून निजत असेल, तर ‘बापावर गेलाय’ म्हणून कौतुक करू नका. त्याचे टॉन्सिल दाखवा.

आपण घोरण्याला फार वर्षे हसलो, आणि जागणाऱ्या बाईला ‘थोडे सोस’ म्हणून सांगत आलो. पण या साऱ्या कथेत रोगाची पहिली खबर ज्या जाग्या माणसाने दिली, त्याचे ऐकले गेले तेव्हाच वाट सापडली. युरोपातल्या संशोधकांनी यंत्र लावून जे रात्रभर पाहिले, ते घरोघरीच्या बायकांनी यंत्रावाचून कितीतरी आधी ऐकलेले होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच. म्हणून तुमच्या घरात उद्या सकाळी कोणी म्हणाले, की “रात्री तुमचा श्वास अडकला होता हो,” तर ते उडवून लावू नका. चहाचा कप खाली ठेवा आणि नीट ऐकून घ्या. तिच्या जिवाला लागलेला घोर फुकटचा नाही. तो तुमच्याच श्वासाची राखण करीत रात्रभर जागा होता.